कापलेले श्वास

१

सकाळी आईचं तोंड धुऊन, तिला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवून झालं की ती आधी फ्रीज बंद करायची आणि घराच्या किल्ल्या फ्रीजमध्ये ठेवायची. आवाजाच्या धंद्यातली ही जुनी युक्ती. फ्रीजची घरघर माइकमध्ये शिरते म्हणून तो बंद करावा लागतो, आणि बंद केलेला फ्रीज पुन्हा सुरू करायला माणूस हमखास विसरतो. किल्ल्याच आत असल्या की बाहेर पडताना आठवण होते. दोनदा दूध नासवल्यावर ती हे शहाणपण शिकली होती.

मग भिंतीवरचं घड्याळ उशीखाली जायचं, फोन बाथरूममध्ये, आणि पायांतल्या सपाता दाराबाहेर. झोपायच्या खोलीतलं लाकडी कपाट हा तिचा स्टुडिओ. आतल्या फळ्या तिनं काढून टाकल्या होत्या, चारी बाजूंनी, अगदी माइकच्या मागेही, जाड रजया टांगल्या होत्या आणि वरच्या दांडीला हिवाळ्यातले कोट तसेच ठेवले होते, कारण कोटासारखं आवाज पिऊन टाकणारं दुसरं काही नाही. आत एक स्टूल, एक माइक, हेडफोन. दार ओढून घेतलं की बाहेरचं जग संपलं.

उभी हयात तिनं आवाजावर काढली होती. चेहरा कुणाला ठाऊक नव्हता, आवाज मात्र घरोघरी गेलेला. लिफ्टमध्ये ‘दार बंद होत आहे’ म्हणणारी ती. बँकेच्या फोनवर माणसाला ताटकळत ठेवून वर त्याचेच आभार मानणारी ती. परदेशी मालिकांतल्या कजाग सासवा, रडक्या नायिका, एवढंच काय, एक बोलकी मांजरसुद्धा. एकदा ती एका लिफ्टमध्ये सामान आत घेताना ‘थांब रे जरा’ म्हणाली, तर वरून तिच्याच आवाजात उत्तर आलं की दार बंद होत आहे. ‘माझं माझ्याशीच पटत नाही,’ असं ती ही गोष्ट सांगताना हसत म्हणायची.

स्टुडिओत तिचं नाव पडलं होतं वनटेक, कारण तिला दुसऱ्यांदा बोलावं लागत नसे. हे नाव ठेवलं कानसेननं. कानसेन म्हणजे तिथला म्हातारा रेकॉर्डिस्ट. शेजारच्या इमारतीतल्या नळाची गळती त्याला ऐकू येते, असं लोक म्हणत. त्याचं स्वतःचं नाव तोही विसरला असावा.

मग काम आटलं. आधी मांजर गेली, मग सासवा गेल्या, शेवटी लिफ्टही गेली. कुणी भांडलं नाही, कुणी काढून टाकलं नाही. फोन वाजायचा थांबला, इतकंच.

२

भाची जाहिरातीच्या कंपनीत होती. मोठ्या बहिणीची मुलगी, चुणचुणीत, बोलायला लागली की समोरच्याला श्वास घ्यायला उसंत देत नसे. एका सुट्टीच्या दुपारी आली, आजीच्या पायाशी बसली आणि म्हणाली, “मावशी, तुझा ब्रँड काय?”

“मी काय साबण आहे?”

“हसू नकोस. हल्ली माणूसच ब्रँड असतो. गोड आवाज आता ढिगानं मिळतात. लोकांना आवाज नको, आवाजामागचं माणूस हवं. अस्सल. रोज सकाळी त्या तुझ्या कपाटात बस आणि स्वतःला विचार, मी कोण आहे? माझ्यात असं काय आहे जे दुसऱ्या कुणात नाही? मी कुठे कुठे खोटी आहे? मोठ्यानं उत्तरं दे, रेकॉर्ड कर आणि आहे तसं लोकांपुढे ठेव. आत्मपरीक्षण! आडात असेल ते पोहऱ्यात येईल.”

“आणि आडातच नसेल तर?”

भाची खळखळून हसली. तीही हसली. आई मात्र हसली नाही. आईची दृष्टी गेली होती आणि आठवण विरत चाललेल्या कापडासारखी झाली होती, कुठे धागा धरून राहिलेली, कुठे भोक पडलेली. दिवसातून कितीदा तरी ती “कोण?” म्हणून विचारायची. “मी गं, ठमी,” असं उत्तर आलं की तिचा जीव भांड्यात पडायचा. ठमी हे नाव जगात फक्त आई घ्यायची.

“आई, दूध आणू का?” तिनं विचारलं.

आईनं भाचीच्या दिशेनं मान वळवली. “तो टीव्ही बंद कर गं. ती बाई सारखी बोलत असते.”

ती खाली बसली, आईचा हात हातात घेतला. “आई, मी आहे. ठमी.”

“ठमी अशी बोलते होय?” आईला खरंच गंमत वाटली. “ठमी बोलायच्या आधी हुंदका दिल्यासारखा श्वास घेते. लांबून धावत आलेय आणि काहीतरी सांगायचंय, अशी. तू छान बोलतेस हो. पण ठमी नाहीस.”

तो श्वास तिला आठवत होता. आवाजाचं शिक्षण घेताना बाईंनी पोटावर हात ठेवून, ओठांवर बोट ठेवून, कितीतरी दिवस खपून तो तिच्याकडून काढून घेतला होता. श्वास ऐकू येता कामा नये, हा त्या धंद्याचा पहिला धडा. त्या दिवशी तिला वाटलं होतं की एक व्यंग गेलं.

ब्रँड गेला चुलीत, असं तिच्या मनात आलं. पण भाचीचं एक वाक्य तिनं घट्ट धरून ठेवलं. आवाजामागचं माणूस. ते सापडलं तर आई ओळखेल. तिला दुसरं काहीही नको होतं.

३

आधी खोलीचा आवाज घ्यायचा, ही रीत. म्हणजे माइक सुरू करून थोडा वेळ कुणीच बोलायचं नाही, हलायचं नाही, श्वासही रोखून धरायचा. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. रेकॉर्डिंगमधला नको तो भाग कापला की तिथे भोक पडतं, आणि त्या भोकाला ही शांतता ठिगळासारखी लावतात. ती ते न विसरता करायची.

मग तिनं प्रश्न विचारले आणि उत्तरं दिली. “मी एक आवाज कलाकार आहे. आवाज हीच माझी ओळख.” ऐकताना तिलाच वाटलं की पुढे आता शाम्पूचं नाव येणार. दुसऱ्या दिवशी थोडं खरं बोलली, तिसऱ्या दिवशी आणखी थोडं. एकटेपणाबद्दल बोलली, आईबद्दल बोलली. आणि बोलून झालं की संगणकासमोर बसून सगळे श्वास कापले, आणि भाचीनं सांगितल्याप्रमाणे ते इंटरनेटवर टाकलं.

हे तिनं ठरवून केलं नाही. बोट आपोआप जायचं. प्रत्येक वाक्याच्या आधीचा श्वास पडद्यावर बारीक फुगवट्यासारखा दिसतो. तो दिसला की कापायचा, शांततेचं ठिगळ लावायचं, पुढे जायचं. जित्याची खोड. आपलं अंतरंग उघडं करायला बसलेली बाई ते इस्त्री करून घडी घालत होती आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. कापलेले श्वास मात्र ती फेकत नसे. कानसेनची शिकवण होती की काही फेकू नये, कधी काय लागेल सांगता येत नाही. सगळे एका फाइलमध्ये जात. फाइलचं नाव ‘कचरा’.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी ठिगळासाठी ती खोलीचा आवाज ऐकत होती, तर त्यात एक श्वास होता.

छोटा, घाईचा, आत ओढलेला. माझाच असणार, तिनं स्वतःला समजावलं. रोखताना सुटला असेल. किंवा भिंतीपलीकडे आई. किंवा कोटाचं अस्तर हललं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय. दुसऱ्या दिवशी तिनं खोलीचा आवाज घेताना नाक आणि तोंड तळहातानं दाबून धरलं, डोळ्यांपुढे काजवे चमकेपर्यंत. मग ऐकलं.

श्वास होता. तसाच, आत घेतलेला. तिनं पुढे पुढे जाऊन, कानांत प्राण आणून ऐकलं. घेतलेला होता, सोडलेला कुठेच नव्हता. बोलायच्या आधी माणूस घेतो तसा, आणि मग बोलायचं राहून गेलेला.

४

मग तिनं ‘कचरा’ उघडला.

एकामागून एक नुसते श्वास. आत, आत, आत. ऐकता ऐकता तिचीच छाती भरून आली, जणू कुणीतरी तिला श्वास बाहेर सोडू देत नव्हतं. सुरुवातीचे श्वास नीटस होते, शिकलेल्या बाईचे. पुढे ते बदलत गेले. आखूड झाले, ओलसर झाले, लांबून धावत आल्यासारखे झाले. तिनं हेडफोन कानांवर घट्ट दाबले. दोन श्वासांच्या मध्ये, जिथे काहीच असायला नको, तिथे कुणीतरी म्हणालं, “सगळीकडे.”

मी कुठे कुठे खोटी आहे? सगळीकडे.

जाडसर, भरलेला, घाईत अडखळणारा आवाज. शिकवणीच्या आधीचा. स्वतःचा असूनही कधीच बाहेरून न ऐकलेला.

तिनं हेडफोन ओढून काढले. ती कपाटातच बसली होती, दार लावून. नाकासमोरची रजई हळूच पुढे आली आणि मागे गेली. पुन्हा पुढे आली. वारा असेल, तिनं म्हणून पाहिलं. पण वारा येऊ नये म्हणून तर कपाटाची फट न् फट तिनं स्वतःच्या हातांनी बुजवली होती.

ती भ्यायली. पण लाज वाटावी अशी गोष्ट पुढेच आहे. तिला आनंद झाला. हाच तो आवाज, आईला हवा असलेला. म्हणजे तो अजून आहे, कुठेतरी आहे! मग भुताखेताचं आपल्याला काय करायचंय? माझाच आवाज आहे, मी तो परत घेणार.

त्या दिवसापासून ती त्याची नक्कल करायला लागली. सासवा केल्या, नायिका केल्या, मांजर केली, मग स्वतःचा आवाज काढणं काय अवघड? ‘कचरा’ ऐकायचा, थांबवायचा, तसं बोलून पाहायचं. हुंदक्यासारखा श्वास, मग शब्द. घसा सोलवटून निघाला. वनटेकचे शंभर टेक झाले आणि एकही जमला नाही. ते सगळं सोंग वाटायचं, कारण सोंगच होतं. रडकुंडीला येऊन ती आईसमोर जाऊन उभी राहिली आणि तो श्वास घेऊन म्हणाली, “आई, मी गं, ठमी.”

आईनं कान देऊन ऐकलं. “आज त्या बाईचा घसा बसलाय वाटतं,” ती म्हणाली.

५

कानसेन जुन्या स्टुडिओच्या मागच्या खोलीत बसायचा. तिनं तारखेनुसार सगळ्या फाइली त्याच्यापुढे ठेवल्या. काय झालंय ते सांगितलं नाही. “नुसतं ऐका,” एवढंच म्हणाली.

तो डोळे मिटून ऐकत राहिला. बऱ्याच वेळानं म्हणाला, “दोन माइक लावलेस?”

“एकच आहे माझ्याकडे.”

“मग ही पुढे बसलेली कोण?”

“पुढे कुठे?”

“तुझ्या पुढे. हे बघ, श्वास माइकला चिकटलाय. ओठ लागतायत जाळीला, इतका जवळ. आणि तू तिच्या मागून बोलतेस, हातभर लांबून.”

“कानसेन, त्या कपाटात माझ्या आणि माइकच्या मध्ये वीतभर जागा नसते.”

“तेच तर म्हणतोय मी.” त्यानं पहिल्या दिवशीची फाइल लावली, मग पुढची, मग त्याच्या पुढची. “पहिल्या दिवशी तू नेहमीच्या जागी आहेस. इथे थोडी मागे. इथे आणखी. ही कालची ऐक. खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभी राहून बोलल्यासारखी. रोज मागे का सरकतेस?”

“मी सरकत नाही हो! मी स्टुलावरच बसलेली असते. तुम्हाला काय वाटतं, काय असेल हे?”

कानसेननं हेडफोन काढले, कानामागे तळहात धरला आणि टेबलावर तिच्याकडे वाकला.

“काय म्हणालीस?”

ती त्याच्यासमोर बसली होती, गुडघ्याला गुडघा लागेल एवढ्या अंतरावर. शेजारच्या इमारतीतला नळ ऐकणारा माणूस. इतक्या वर्षांत त्यानं कुणालाही ‘काय म्हणालीस’ म्हणून विचारलेलं तिनं पाहिलं नव्हतं.

परतताना ती पाव घ्यायला दुकानात शिरली. दुकानदाराला तीनदा सांगावं लागलं. तिसऱ्यांदा ती ओरडली. तो मान वर न करता मागच्या गिऱ्हाईकाला म्हणाला, “बोला, काय देऊ?”

६

मन चिंती ते वैरी न चिंती, असं म्हणतात. पण मनानंसुद्धा जे चिंतलं नव्हतं, ते दुसऱ्या दिवशी फोनवर आलं.

“मावशी, कमाल केलीस तू!” भाची ओरडतच होती. “आज सकाळी टाकलेलं ऐकलं. ऑफिसात सगळे रडले अगं. किती लोकांनी पुढे पाठवलंय! आता कशी माणसासारखी बोललीस!”

सकाळी तिनं काहीच टाकलं नव्हतं. कपाटाचं दारही उघडलं नव्हतं. “मी काय बोलले त्यात?” तिनं विचारलं.

“हॅलो? मावशी? आवाज नाही येत तुझा... ते आजीच्या दाराबाहेरचं सांगितलंस ना, तू दाराशी उभी राहून आधी आवाज नीट करून घेतेस, मगच आत जातेस. आणि कधी कधी आत न जाताच परत फिरतेस. मला माहीतच नव्हतं गं. हॅलो?”

हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. कपाटातही नाही, माइकलाही नाही. “ऐक, ती मी नव्हे,” ती फोनमध्ये म्हणाली. “तू ताबडतोब इकडे ये. मला भीती वाटतेय.”

“हां, आला, आता आला आवाज,” भाची म्हणाली. आणि मग गप्प बसून ऐकू लागली.

तिनं फोन कानाशी धरला होता. तिच्या कानाला पलीकडच्या ऑफिसातली कुजबुज ऐकू येत होती, कुणीतरी खुर्ची सरकवल्याचं ऐकू येत होतं. ती स्वतः काहीच बोलत नव्हती.

“हो ना,” भाची म्हणाली. मग थांबली. मग हसली. “चल, काहीतरीच तुझं! ... बरं. ... नाही, नको येऊ म्हणतेस तर नाही येत. ... हो गं, तूही जप. आजीला सांग मी विचारलंय.”

फोन बंद झाला. तिनं तो पलंगावर फेकला आणि स्वतःचा गळा दोन्ही हातांनी चाचपून पाहिला. गळा जागेवर होता. कण्हलं की बोटांना थरथर लागत होती.

आई खात नव्हती, हे या सगळ्याच्या वरताण. अनोळखी बाई भरवते म्हणून तिनं तोंड मिटून घेतलं होतं. चमचा ओठांना लागला की मान फिरवायची. डॉक्टर येऊन गेले. आईची नाडी बघत, तिच्याकडे न बघता, ते म्हणाले की उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही तर रुग्णालयात न्यावं लागेल, नळी घालावी लागेल, आणि या वयात तिथून पुन्हा घरी येणं कठीण असतं. ती दाराजवळ उभी राहून काहीतरी विचारत होती. डॉक्टरांनी बॅग बंद केली आणि निघून गेले.

७

दुसऱ्या दिवशी तिनं कपाट मोडलं. कोट काढून खुर्चीवर टाकले, रजया ओढून पलंगावर ढीग केला, माइकची वायर उपटून माइक खणात कोंबला. ‘कचरा’ पुसून टाकला. झालं, संपलं. उघडं कपाट समोर होतं, आत नुसतं लाकूड. दुपारचं ऊन थेट आतल्या कोपऱ्यापर्यंत पोचलं होतं आणि तिथे काहीच नव्हतं. तिला इतकं हायसं वाटलं की ती तिथेच फरशीवर बसून रडली.

तेवढ्यात आईच्या खोलीतून हसू आलं.

आई हसत होती. कितीतरी दिवसांत न हसलेली आई, पोट धरून हसावं तसं. “मग पुढे काय झालं?” ती विचारत होती. मग शांतता. कुणीतरी सविस्तर काही सांगावं एवढी लांब शांतता. मग पुन्हा आई, “अगं बाई! आणि तू काय म्हणालीस?”

ती उठून दाराशी गेली. आत आई एकटी होती. पलंगाला टेकून बसलेली, चेहरा पलीकडच्या बाजूला वळलेला, जिकडे खिडकी आणि खुर्ची. इतका उजळलेला चेहरा तिनं अनेक वर्षांत पाहिला नव्हता. खुर्ची रिकामी होती. ती आत शिरली आणि आईचं हसू तिथल्या तिथे मावळलं.

“ठमे,” आई खुर्चीकडे तोंड करून दबक्या आवाजात म्हणाली, “कोण आलं गं?”

“आई, मीच ठमी! ती नाही, मी! माझं ऐक. इकडे!”

गळ्याची थरथर तिला जाणवली, जीभ हलली, ओठ हलले. पण तिच्या स्वतःच्या कानांवर काहीही पडलं नाही. आईच्याही नसावं. आईनं फक्त चादर छातीशी ओढून घेतली आणि त्या रिकाम्या खुर्चीच्या दिशेनं हात लांबवला. भ्यालेल्या माणसाचा हात होता तो, आणि तो तिच्याकडे येत नव्हता. तो हात हवेत मध्येच थांबला, आणि मग सैल पडला, धीर आल्यासारखा.

८

संध्याकाळच्या आत काहीतरी पोटात जायला हवं होतं. तिनं सूप गरम केलं. भीती आता राहिली नव्हती, किंवा असेल तर तिच्याकडे बघायला वेळ नव्हता. आई जगली पाहिजे. बाकी सगळं नंतर. नंतर ती भांडेल, कानसेनला आणेल, भाचीला हलवून हलवून सांगेल, वेळ पडली तर भिंतीवर लिहील की मी आहे. पण आधी हा वाडगा.

ती पलंगाच्या अलीकडच्या बाजूला बसली. चमचा भरला, फुंकर घातली, आईच्या ओठांना लावला. आईनं मान फिरवली. तिनं पुन्हा लावला. सूप हनुवटीवरून ओघळलं, तिनं ते पुसलं. “खा गं आई, एवढं एकच,” ती म्हणत होती, विनवत होती, आणि खोलीत चमचा वाडग्याला लागल्याचा आवाज सोडून काही नव्हतं. आईचे डोळे भरून आले होते. कुणीतरी मुकाट्यानं आपल्याला काहीतरी चारू पाहतंय, एवढंच तिला कळत होतं.

पलीकडून श्वास आला. लांबून धावत आल्यासारखा, हुंदक्यासारखा.

“आई, खा ना गं.”

आईच्या कानाशी, अगदी जवळून. तिनं मान वर करून पाहिलं. पलीकडे खुर्ची होती, खिडकी होती, खिडकीत उतरतं ऊन होतं. आईच्या कानाजवळचे पांढरे केस मात्र हलत होते. शब्द आला की हलत, थांबला की थांबत.

आईनं तोंड उघडलं.

चमचा तिच्या हातात होता. तिला वाटलं, तो भिरकावून द्यावा, आईला गदागदा हलवावं, त्या रिकाम्या जागेवर झेप घ्यावी. पण आईचं तोंड उघडं होतं, पाखराच्या पिलासारखं, आणि ते पुन्हा मिटलं तर पुन्हा उघडेल याची खात्री कोण देणार? तिनं सूप आत सोडलं. आईनं गिळलं. तिनं दुसरा चमचा भरला. आईनं तोही गिळला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती चमचे भरत राहिली.

अर्धा वाडगा झाल्यावर आईनं हात वर केला आणि चमचा धरलेला तिचा हात चाचपून पाहिला. बोटं, अंगठा, मनगट. लहान मुलाचा हात बघावा तसा सावकाश. तिनं सगळा जीव त्या हातात आणला. ओळख, ती मनातल्या मनात ओरडत होती, आवाज राहू दे, हात तर तुझ्याच लेकीचा आहे, ओळख ना गं.

“ठमे,” आई म्हणाली, “हा हात कुणाचा?”

केस हलले. “एक बाई आहे. मदतीला ठेवलीय तुझ्या.”

“चांगली आहे का?”

“चांगली आहे. बोलत नाही फारशी.”

“असू दे,” आई म्हणाली. “बिचारीनं खाल्लंय का काही, विचार तिला.”

कानाजवळचे केस हलले नाहीत. आईनं पुन्हा तोंड उघडलं आणि तिनं पुढचा चमचा भरला.